चाळीच्या जागी टॉवर : चटईक्षेत्राचा हिशेब
(लेखमाला – लेख पाचवा)

मागच्या आठवड्यात आपण भाडेनियंत्रण पाहिले. १९४७ च्या कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीला गोठवली, घरमालकांनी डागडुजी सोडली आणि १९६९ मध्ये सरकारला इमारतींवर उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढावे लागले. गिरगाव, काळबादेवी, लालबागमधल्या ‘उपकरप्राप्त’ चाळी त्या या. आता त्या पाडल्या की तिथे एवढे उंच टॉवर का उभे राहतात, ते पाहू.

भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल हे एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक ठरवतो. मुंबई बेटावर तो दीर्घकाळ १.३३ होता. पण अनेक चाळी हा नियम येण्याआधीच्या. त्यांचे बांधकाम मुळातच याहून जास्त. नियमावर बोट ठेवून नवी इमारत बांधली, तर असलेल्या भाडेकरूंनाच जागा पुरायची नाही. म्हणून विकास नियंत्रण नियमावलीत ३३(७) हे कलम आले. २०३४ च्या विकास आराखड्याबरोबरच्या नियमावलीत त्याचा गाभा असा : भूखंडाच्या तिप्पट बांधकाम, किंवा भाडेकरूंच्या पुनर्वसनाचे क्षेत्र आणि त्यावर निदान ५० टक्के प्रोत्साहनपर क्षेत्र, यांतले जे जास्त असेल ते. भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट.

ढोबळ हिशेब करू. १०,००० चौरस फुटांच्या भूखंडावर १२० फुटांच्या १०० खोल्यांची चाळ आहे. खोल्यांचे क्षेत्र १२,००० फूट. पुनर्वसनाला लागतात ३०,००० फूट, बिल्डरला विकायला मिळतात १५,०००. एकूण ४५,०००, भूखंडाच्या साडेचार पट. याच जागेवर ६० खोल्या असत्या, तर बेरीज २७,००० झाली असती आणि तिपटीचा नियम लागू होऊन ३०,००० मिळाले असते. म्हणजे जितकी दाटी, तितका टॉवर उंच.

आता माणसे मोजा. विक्रीच्या १५,००० फुटांत हजार-दीड हजार फुटांचे दहा-पंधरा फ्लॅट बसतात. खोल्यांचे क्षेत्र पावणेचार पट झाले, कुटुंबे मात्र शंभरावरून फार तर एकशे पंधरा. पुनर्विकासाने शहराला जादा घरे मिळतात, या दाव्याची ताकद एवढीच. भाडेकरूला दोष देण्याचे कारण नाही. सामाईक संडासासमोर रांगेत आयुष्य काढलेल्या माणसाचा स्वतंत्र न्हाणीघरावर पूर्ण हक्क आहे. माझा आक्षेप आहे तो या वाढीव क्षेत्राची किंमत शेजारच्या इमारतीने उजेडात मोजावी, याला.

कारण ३३(७) मध्ये भोवती मोकळी जागा सोडण्याच्या अटीही सैल होतात. १८९६ ची प्लेगची साथ याच शहराने भोगली. त्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने कोंदट खोल्यांवर उपाय म्हणून खिडकीत उजेड किती अंशांच्या कोनातून यायला हवा याचा नियम केला होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. दादर-माटुंग्याच्या वसाहतींतले रुंद रस्ते आणि बेताची उंची त्याच विचारातून आली. ते ज्ञान आपल्या दप्तरात असताना दोन टॉवरांमधल्या अरुंद फटीत पुनर्वसनाच्या खोल्यांच्या खिडक्या उघडाव्यात, हे मला पटत नाही.

गिरगावातल्याच खोताच्या वाडीचे दुखणे उलटे आहे. तिथे लाकडी जिन्यांची, व्हरांड्यांची बसकी घरे. भूखंडावर न वापरलेले चटईक्षेत्र शिल्लक राहते आणि तेच घराच्या मुळावर येते. पाडणाऱ्याला पैसा, जपणाऱ्याला दुरुस्तीचा खर्च. १९९५ मध्ये मुंबईत वारसा नियमावली लागू झाली. वारसा यादीतल्या मालकाचा बांधकामाचा हक्क बुडाला, तर तेवढे क्षेत्र टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क म्हणून दुसरीकडे विकण्याची तरतूद आहे. हा टीडीआर कागदावरून मालकाच्या हाती कसा पडतो, मध्ये कुठे अडतो आणि २०१२ मध्ये वारसा यादी वाढवायचे ठरल्यावर शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी विरोध का केला, ते पुढच्या आठवड्यात.