तबकडीचे वजन आणि सुराचे मोल

श्रोतेहो, सीडी आली, मग मोबाइल आला, आणि तबकडीचे दिवस सरले असे सर्वांनी धरून चालले होते. पण गंमत पाहा, २०२२ साली अमेरिकेत सीडींपेक्षा तबकड्याच जास्त खपल्या! आता शहरात शिकणारा तुमचा मुलगा किंवा भाचा एकाच इंग्रजी वाद्यवृंदाच्या तबकड्या जमवू लागला आणि एकेकीला बरीच रक्कम मोजू लागला, तर तुम्ही म्हणाल, ‘हे कसले खूळ?’ तेव्हा हा छंद आहे तरी काय, आणि त्यात पैसा कोठे घालावा व कोठे घालू नये, ते आज पाहू.

उदाहरणाला ‘पिंक फ्लॉइड’ घेऊ. हा वाद्यवृंद १९६५ साली लंडनमध्ये उभा राहिला. त्याचे संगीत ज्या पंथात मोडते, त्याला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणतात. यांना तीन मिनिटांचे सुटे गाणे पुरत नसे. आपल्याकडे जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर गवयांना राग तीन-साडेतीन मिनिटांत आटोपावा लागे, हे तुम्हांस ठाऊक आहेच. १९४८ साली ३३⅓ फेऱ्यांची लाँग-प्ले तबकडी निघाली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली. या मंडळींनी ती सारी जागा वापरली. त्यांच्या १९७१ सालच्या ‘मेडल’ या तबकडीची दुसरी बाजू म्हणजे ‘एकोज’ ही एकच रचना, तेवीस मिनिटांहून लांब. १९७३ सालची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होते आणि ठोक्यांवरच संपते. ते ठोके इतके हळू उमटतात, की तबकडीच खरखरत असेल तर ते कानी पडायचेच नाहीत. चांगल्या छापाची ओढ लागते ती यामुळे.

शिक्षकबंधूंनो, वर्गात एक प्रश्न जरूर विचारा: तबकडीच्या एका बाजूवर खोबणी किती? मुले म्हणतील, शेकडो. उत्तर आहे, एक! बाहेरून आत वळत जाणारी एकच खोबणी. तिच्या दोन्ही भिंतींवर सुरांच्या लाटा कोरलेल्या असतात. बाहेरच्या कडेला तिचा व्यास सुमारे २९ सेंटिमीटर, तर आत शेवटी सुमारे १२. म्हणजे एका फेरीत सुई बाहेर ९१ सेंटिमीटर चालते आणि आत जेमतेम ३८. वेळ मात्र दोन्हीकडे सारखाच, १.८ सेकंद. तेवढेच सूर आत कमी जागेत दाटीने बसवावे लागतात, म्हणून बाजूच्या शेवटी आवाज जरा फाटतो. त्यातून रचना लांब असली, की सऱ्या जवळजवळ पाडाव्या लागतात, लाटा लहान ठेवाव्या लागतात, आणि मग मूळ आवाज बारीक व खरखर मोठी असे होते. लांब रचनेची तबकडी कोरणे हे म्हणूनच कसबाचे काम.

मग चांगली तबकडी कशाने होते? पहिली गोष्ट मूळ ध्वनिफीत. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? फितीच्या नकलेची नकल वापरली, तर पुढे कितीही खर्च करा, उपयोग नाही. दुसरी गोष्ट कोरणाऱ्याचा हात. काही ठिकाणी फीत आणि कोरणयंत्र दोन्ही निम्म्या वेगाने चालवतात. त्यामुळे बारीक सूर कोरायला सुईला सवड मिळते. तिसरी गोष्ट छापाचा धातूचा साचा. तो वापराने झिजतो. ताज्या साच्याचा छाप स्वच्छ उठतो.

आणि वजन? वेष्टनावर ‘१८० ग्रॅम’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. जड तबकडी सहसा वाकत नाही, एवढे खरे. पण तबकडी जाड झाली म्हणून खोबणी खोल होत नाही. निव्वळ वजनाचे पैसे देऊ नका. वेष्टनावरच्या शब्दांचेही तसेच. अमेरिकेतील एक नामांकित कंपनी तबकड्या बनवताना मध्ये संगणकी नकल वापरत होती, हे २०२२ साली उघड झाले. तोवर मोठमोठ्या जाणकार कानांना त्याचा पत्ता नव्हता!

पहिल्या छापाचे मोल निराळे. ‘डार्क साइड’च्या १९७३ सालच्या पहिल्या ब्रिटिश छापाच्या लेबलावर भरीव निळा त्रिकोण आहे. संग्राहक तो पाहतात, मग शेवटच्या कोऱ्या पट्टीत कोरलेले अंक वाचतात. पण ओरखड्यांनी भरलेल्या पहिल्या छापापेक्षा २०१६ सालची नीट काढलेली नवी आवृत्ती ऐकायला कितीतरी सुखाची. तबकडी कपाटात मिरवायची, की ऐकायची, ते आधी ठरवावे.

आता घरची काळजी. चावीच्या जुन्या फोनोवर ही तबकडी कधीही लावू नका. त्याची पोलादी सुई आणि जड डोके खोबणी एकाच फेरीत खरवडून टाकील. हिला दीड-दोन ग्रॅम भाराची बारीक हिऱ्याची सुई लागते. तबकडी कडेला धरावी, उभी ठेवावी, उन्हापासून आणि चुलीपासून दूर. कोकणातल्या मंडळींनी पावसाळ्यात वेष्टनांना बुरशी धरू देऊ नये.

छंद लागलाच, तर मुलाला एवढेच सांगा: वर्षाला दोनच तबकड्या घे, पण पारखून घे. आणि घेतलेली बाजू मध्ये न उठता शेवटपर्यंत ऐक. ती रचना केली आहे तशी ऐकण्यासाठीच.