लेखांक ७ : इंटरफेरॉनची सुई आणि ऊसतोडीचा हंगाम

हिपॅटायटिस बी आणि सी यांचे विषाणू सहा महिन्यांहून अधिक काळ शरीरात टिकले की आजार जुनाट झाला असे मानतात, हे मागील लेखांकात पाहिले. यकृताची हानी हे विषाणू थेट फारशी करीत नाहीत. संसर्ग झालेल्या पेशी ओळखून त्या मारणाऱ्या टी पेशी, म्हणजे रक्तातील एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, वर्षानुवर्षे अपुरा हल्ला करीत राहतात, आणि त्या धुमसत्या दाहातून यकृतात व्रणतंतू साचून पुढे सिरोसिस होतो. दीर्घ झुंजीत टी पेशी थकतात, म्हणून त्यांनाच पुन्हा बळ द्यावे, हा इंटरफेरॉन उपचारामागचा विचार होता.

अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जीन लिंडेनमान यांनी 1957 मध्ये लंडनमध्ये शोधलेले इंटरफेरॉन हे शरीर स्वतःच तयार करते असे प्रथिन आहे. ते विषाणूला हात न लावता पेशींना सावध करते, विषाणूची वाढ रोखणारी शेकडो जनुके जागी करते आणि मारक पेशींना चेतवते. त्याच्या रेणूला पॉलिइथिलीन ग्लायकॉलची साखळी जोडल्यावर ते रक्तात अधिक काळ टिकू लागले आणि आठवड्यातून तीनदा घ्यायची सुई एकदाच पुरू लागली. तरीही हिपॅटायटिस बीसाठी अशा 48 सुया लागतात. भारतात अधिक आढळणाऱ्या जनुकीय प्रकार 3 च्या हिपॅटायटिस सीसाठी रिबाविरिनच्या गोळ्यांसह साधारण 24 आठवडे लागत. थंडी-ताप, अंगदुखी, खोल नैराश्य, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट घटणे हे त्रास अनेकांना होत, आणि त्यासाठी वारंवार रक्ततपासणी करावी लागे.

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या गावाच्या संदर्भात या उपचाराची खरी अडचण कळते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि पाच-सहा महिने फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. ही सुई 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी लागते, आणि कोपीत फ्रिज नसतो; सुईनंतर ताप भरला की दुसऱ्या दिवशी मोळ्या उचलणे अशक्य, आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. असा उपचार या माणसांच्या आयुष्यात बसणाराच नव्हता, आणि त्याचा दोष रुग्णाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल.

हिपॅटायटिस सीपुरता हा प्रश्न आता सुटला आहे. सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर या गोळ्या प्रतिकारशक्तीला न छेडता विषाणूची प्रत काढणारी यंत्रणाच बंद पाडतात, आणि सिरोसिस नसलेल्या रुग्णांत बारा आठवड्यांत बहुतेक जण पूर्ण बरे होतात. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हे उपचार मोफत मिळतात.

हिपॅटायटिस बी मात्र अधिक चिवट आहे, कारण त्याचा जनुकीय साचा यकृतपेशीच्या केंद्रकात दडून राहतो; टेनोफोविर किंवा एंटेकाविरची गोळी विषाणूला दाबून ठेवते, पण साचा काढत नाही. म्हणून गोळ्या बहुधा दीर्घकाळ चालतात आणि डॉक्टरांना न विचारता मध्येच बंद केल्यास दाह उफाळून जिवावर बेतू शकते. बाजारात ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी चूर्णे व काढे या रोगावर उपचार नाहीत. दाह मुळात प्रतिकारशक्तीच्याच हल्ल्याने होत असल्यामुळे, सिरोसिस बळावलेल्या रुग्णाला खरे इंटरफेरॉनही दिले जात नाही.

ऊसतोडीची टोळी निघण्यापूर्वी शासकीय रुग्णालयात हिपॅटायटिस बी आणि सी यांची रक्ततपासणी करून घ्यावी, गोळ्या सुरू असल्यास हंगामभराच्या साठ्याबद्दल तिथेच विचारावे, आणि बाळंतपण कारखान्याच्या गावी झाले तरी नवजात बाळाला हिपॅटायटिस बीची लस पहिल्या 24 तासांत टोचून घेण्याचा आग्रह धरावा.