विश्लेषण : 'हॅरी पॉटर', 'हंगर गेम्स' वाचून झाले, आता पुढचे पुस्तक कोणते?

'हॅरी पॉटर'चे सातही भाग झपाटल्यासारखे वाचणारी मुले त्यानंतर 'अगदी असेच काहीतरी सांगा' असा हट्ट धरतात. सुचवलेले पुस्तक आवडले नाही, तर वाचनाची लागलेली गोडी तिथेच सुटू शकते. म्हणूनच 'असेच' म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घ्यायला हवे.

फँटसी आणि डिस्टोपियात फरक काय?

फँटसीत जगाचे नियमच वेगळे असतात. तिथे जादू असते, ड्रॅगन असतात. डिस्टोपियाला जादू लागत नाही. पाळत, टंचाई, हुकूमशाही अशी आपल्या ओळखीची एखादी गोष्ट टोकाला नेली, की ते भयावह जग तयार होते. त्यामुळे एका प्रकाराच्या चाहत्याला दुसरा आवडेलच असे नाही.

'हॅरी पॉटर' आवडले असेल तर?

जादूची शाळा आवडली असेल, तर अर्सुला ले ग्विन यांचे 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' (१९६८) वाचावे. हे पुस्तक पहिल्या 'हॅरी पॉटर'च्या २९ वर्षे आधीचे. गेड हा गर्विष्ठ विद्यार्थी ईर्षेपोटी मंत्र टाकतो आणि एक काळी सावली मोकळी सुटते. पुढे तिला त्यालाच सामोरे जावे लागते.

प्रवास आणि साहस हवे असेल, तर टॉल्किन यांचे 'द हॉबिट' (१९३७) घ्यावे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन खंड त्यानंतर. फिलिप पुलमन यांचे 'नॉर्दर्न लाइट्स' (१९९५) हाही चांगला पर्याय आहे, मात्र कथा तीन भागांची आहे आणि पहिला भाग अर्ध्यावरच थांबतो.

'हंगर गेम्स'नंतर काय?

सुझान कॉलिन्स यांच्या या कादंबरीत (२००८) १२ ते १८ वयोगटातील २४ मुलांना एकमेकांना मारायला रिंगणात सोडले जाते. त्यातला थरार आवडला असेल, तर कौशुन ताकामी यांची जपानी कादंबरी 'बॅटल रॉयल' (१९९९) आहे. पण तिच्यातील हिंसा कितीतरी उघड आहे, त्यामुळे ती प्रौढांनीच वाचावी.

सरकार असे का वागते, हा प्रश्न पडला असेल, तर लोइस लोरी यांचे 'द गिव्हर' (१९९३). वेदना आणि रंगही नसलेल्या समाजातील १२ वर्षांच्या जोनासची ही गोष्ट छोटी, सोपी, पण हादरवणारी आहे. 'अभिजात' आहे म्हणून या वयात थेट ऑर्वेल यांचे '१९८४' हाती देण्याची घाई नको.

भारतीय आणि मराठी पर्याय?

प्रयाग अकबर यांची इंग्रजी कादंबरी 'लैला' (२०१७) प्रौढांसाठी आहे. जाती-समूहांच्या भिंतींनी विभागलेल्या शहरात एक आई मुलीला शोधते. मराठीत 'हॅरी पॉटर'चे अनुवाद आहेत, तर मुग्धा कर्णिक यांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणले आहे.

सुचवण्यापूर्वी काय विचारावे?

- आधीच्या पुस्तकातील कोणता भाग पुन्हा वाचला?
- कोणता भाग नकोसा झाला?
- एकच पुस्तक हवे, की मालिका?

एवढे विचारूनही अंदाज चुकू शकतो. पन्नासएक पानांत मन रमले नाही, तर सक्ती न करता दुसरे पुस्तक द्यावे.