दडा बसला, की कान गेला?

सकाळी उशीवरून डोकं उचलावं आणि एक कान गच्च. विहिरीत बुडी मारल्यावर होतो तसा. फोन रोजच्या कानाला लावला तर पलीकडचं काहीच ऐकू येईना. दुसऱ्या कानाला लावला, तर सगळं स्वच्छ. जबलपूरच्या मराठी घरात आजी म्हणेल, 'दडा बसलाय'. शेजारच्या चाची म्हणतील, 'कान बंद हो गया'. आणि दोघींचा उपाय एकच, लसूण घालून कोमट केलेलं राईचं तेल. या तेलापायी वाया जाणाऱ्या दिवसांची मला फार भीती वाटते.

'दडा' हा शब्द काय जाणवतं ते अचूक सांगतो. का जाणवतं, ते नाही सांगत. मळ फुगला, सर्दीनं पडद्यामागं पाणी साचलं, की कान गच्च होतो. आतल्या कानानं अचानक काम थांबवलं, तरी तो अगदी तसाच गच्च वाटतो. पहिल्या प्रकारात आवाजाची वाट अडलेली असते. दुसऱ्यात वाट मोकळी, पण आलेला आवाज घ्यायला आत कुणी नाही.

एक प्रयोग आत्ताच करून पाहा. एका कानात बोट घाला आणि ओठ मिटून 'हूं' असा सूर धरा. सूर बोट घातलेल्या कानात मोठा वाजतो. मळानं कान अडला असेल तर हेच होतं. आतला कान दुखावला असेल, तर मात्र सूर चांगल्या कानाकडे सरकतो. डॉक्टर ट्युनिंग फोर्क कपाळावर टेकवून हेच तपासतात. अर्थात घरच्या 'हूं'वर विसंबून राहू नये. खरा निवाडा ऑडिओमेट्रीचा, म्हणजे श्रवणचाचणीचा.

७२ तासांच्या आत, लागोपाठच्या तीन कंप्रतांवर (सुरांच्या पट्ट्यांवर) ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त ऐकणं कमी झालं, तर त्याला अचानक आलेला चेताजन्य बहिरेपणा म्हणतात. बहुतेकदा एकच कान जातो. सोबत गुणगुण, कधी गरगर. दहापैकी नऊ रुग्णांत कारण सापडतच नाही. विषाणूवर संशय असतो, रक्तपुरवठ्यावरही, कारण आतल्या कानाला रक्त नेणारी धमनी एकच आणि बारीक. ती तुंबली तर दुसरी वाट नाही. जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी विषाणूसंसर्गानंतर आपल्याला असा बहिरेपणा आल्याचं जाहीर केलं, तेव्हा हा आजार घरोघरी चर्चेत आला.

उपचार म्हणजे मुख्यतः स्टेरॉईड, गोळ्यांतून किंवा पडद्यातून थेट मधल्या कानात. ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावेत, जितके लवकर तितके बरे. फायदा नेमका किती, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. बरेच रुग्ण उपचाराविनाही काही प्रमाणात सुधारतात. पण आपण त्यांतले असू की नाही, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. स्टेरॉईड घेताना मधुमेह असेल तर साखर सांभाळावी लागते, म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. नंतर एमआरआयही करतात, कारण क्वचित श्रवणचेतेवर गाठ निघते. आणि तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, हातपाय लुळे पडले, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा कानाच्या डॉक्टरांची वेळ घेत न बसता थेट आपत्कालीन विभागात जावं.

जबलपुरात असाल तर गढ्याच्या नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेजात जा किंवा जवळच्या नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे, पण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जा. 'सोमवारपर्यंत बघू' म्हणू नका. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत, कोंबडीत उगवतात.

ज्यांचा कान परत येत नाही, त्यांचं दिशाभानही जातं. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या गर्दीत मागून हॉर्न वाजला, तर तो ऐकू येतो, पण डावीकडून की उजवीकडून ते कळत नाही, आणि माणूस पाऊल उचलून तसाच थबकतो. त्यांच्यासाठी बहिऱ्या बाजूचा आवाज टिपून चांगल्या कानाकडे पाठवणारी यंत्रं मिळतात. घरच्यांनी एवढं करावं : जेवायला बसताना त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसावं.