थंडीपेक्षा बिल महत्त्वाचं

युरोपात हीट पंप सर्वाधिक दिसतात ते कडाक्याच्या थंडीच्या देशांत. नॉर्वेत सुमारे 60 टक्के घरांत तो आहे, स्वीडन आणि फिनलंडमध्ये 40 टक्क्यांहून अधिक. सौम्य हिवाळ्याच्या ब्रिटनमध्ये मात्र शंभरात जेमतेम एखाद-दुसरं घर. ‘हे यंत्र थंडीत चालत नाही’ हा तिथला नेहमीचा आक्षेप एवढ्यानेच निकालात निघावा. फ्रिज आतली उष्णता मागच्या बाजूने बाहेर टाकतो. हीट पंप तसाच बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून घरात आणतो. उष्णता तयार करायची नाही, नुसती हलवायची, म्हणून एका युनिट विजेत साधारण तीन युनिट ऊब मिळते. पारा उतरला की हे प्रमाण घटतं, इतकंच.

मग नॉर्वेची माणसं पर्यावरणाची अधिक कळकळ बाळगतात म्हणून हा फरक पडला का? मला तसं वाटत नाही. घरात आधी काय होतं, ते पाहायला हवं. नॉर्वेत बहुतेक घरं जलविद्युत केंद्रांच्या विजेवर, साध्या हीटरने तापत. 2002-03च्या हिवाळ्यात धरणं आटली, विजेचे दर भडकले, आणि सरकारने हीट पंपाला अनुदान देऊ केलं. हीटरच्या जागी पंप आला की ऊब तेवढीच राहते आणि वीज जवळपास एक तृतीयांशच लागते. हा हिशेब कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ब्रिटनमध्ये स्पर्धा आहे ती गॅसच्या बॉयलरशी, आणि तिथे विजेचं युनिट गॅसच्या सुमारे चौपट महाग. गॅसचा दर 1 धरला, तर चांगल्या बॉयलरमधून युनिटभर ऊब 1.1ला पडते. 742 ब्रिटिश घरांतल्या सरकारी चाचणीत हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपांनी एका युनिट विजेत सरासरी 2.8 युनिटच्या आसपास ऊब दिली. म्हणजे तीच ऊब 1.4ला. ऑक्टोबर 2023पासून अनुदान 7,500 पौंडांवर गेलं खरं, पण त्याने सुटतो तो पहिल्या दिवसाचा खर्च, दरमहाचा नव्हे. गंमत अशी की, हरित ऊर्जेसाठीचे अधिभार वर्षानुवर्षं मुख्यतः विजेच्याच बिलावर लादले गेले.

जुन्या, गळक्या घरांचं काय, असं कुणी विचारेल. त्याच चाचणीत कोणत्याही काळातलं वा प्रकारातलं घर सरसकट अपात्र ठरलं नाही. खरी अडचण अधिक किरकोळ वाटणारी आहे: तत्काळ गरम पाणी देणारे कॉम्बी बॉयलर आले तेव्हा अनेकांनी गरम पाण्याची टाकी काढून तिथे कपाट केलं, आणि पंपाला ती टाकी पुन्हा हवी. त्यात बॉयलर बंद पडतो भर हिवाळ्यात. अंगात दोन स्वेटर घातलेलं कुटुंब अशा वेळी तंत्रज्ञानांची तुलना करत बसत नाही. कारागीर जे एक-दोन दिवसांत बसवून देईल ते घेतं, आणि तो बहुधा दुसरा गॅस बॉयलरच असतो. तो पुढची दहा-पंधरा वर्षं हलत नाही.