मंगळाला चंद्र किती? आणि आपलं मंगळयान आता कुठे आहे?

सोलापूरहून अक्कलकोटला जाताना वाटेत वळसंग लागतं. रात्री मंगळ आकाशात असेल, तर इथून तो नुसत्या डोळ्यांनीही तांबूस ठिपक्यासारखा दिसतो. त्याच्याभोवती फिरणारे दोन चंद्र आणि २०२२ पासून गप्प झालेलं भारताचं मंगळयान मात्र दिसत नाहीत.

हे चंद्र केवढे आहेत?

फोबोस आणि डिमोस यांचा शोध अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ असाफ हॉल यांनी ऑगस्ट १८७७ मध्ये लावला. आपल्या चंद्राचा व्यास सुमारे ३,४७५ किमी आहे. बटाट्यासारखा वेडावाकडा फोबोस मात्र जेमतेम २७ किमी लांब. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर ठेवला, तरी रस्ता उरेल! डिमोस त्याहूनही लहान.

फोबोस पश्चिमेला का उगवतो?

मंगळाला स्वतःभोवती फिरायला २४ तास ३७ मिनिटं लागतात. फोबोस मात्र मंगळाला ७ तास ३९ मिनिटांतच प्रदक्षिणा घालतो. तो मंगळाच्या पुढे पळत असल्यानं तिथून पाहिलं तर पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो. शिवाय दर शंभर वर्षांत तो सुमारे १.८ मीटर मंगळाच्या जवळ सरकतो. सुमारे ५ कोटी वर्षांत तो मंगळावर आदळेल, नाहीतर त्याचे तुकडे होऊन मंगळाभोवती कडं तयार होईल.

मंगळयानाचं काय झालं?

५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेलं हे यान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचलं. पहिल्याच प्रयत्नात मंगळ गाठणारा भारत हा पहिला देश ठरला. मोहिमेचा खर्च सुमारे ४५० कोटी रुपये होता. सहा महिन्यांसाठी पाठवलेलं यान जवळपास आठ वर्षं चाललं. जुलै २०२० मध्ये त्यानं फोबोसचा फोटोही काढला.

यानाला वीज मिळायची ती सूर्यप्रकाशातून. त्यामुळे मंगळाची सावली हा मोठा धोका होता. जानेवारी २०१७ मध्ये इस्रोनं इंधन खर्चून कक्षा बदलली आणि दीर्घ सावली टाळली. एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा लांबलचक सावली आली आणि संपर्क तुटला. इस्रोच्या अंदाजानुसार तोवर इंधन संपलं होतं, त्यामुळे वीज मिळेल अशा दिशेनं यान वळवता आलं नाही.

मग ते कोसळलं का?

संपर्क तुटला म्हणजे यान कोसळलं असं नाही. कक्षेत फिरत राहायला इंधन लागत नाही. चंद्रांना तरी कुठे इंजिन असतं? त्यामुळे बंद पडलेलं मंगळयानही मंगळाभोवती फिरतच असणार.