हिरण्यकेशीच्या कुंडातला मासा

या बाळांनो, बसा असे जवळ. आज आंबोलीच्या एका ओढ्याची गोष्ट. तुम्ही त्याला नदी म्हणाल, आणि पुढे ती नदी होतेही, पण जन्मते तिथे ती ओढ्याहून मोठी नाही.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर आंबोली आहे. अरबी समुद्रावरून ढग येतात, सह्याद्रीची भिंत आडवी लागते, वर चढता चढता ते गार होतात आणि तिथेच रिते होतात. म्हणून महाराष्ट्रात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत आंबोलीचं नाव येतं. आता हे पाणी जातं कुठे? सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, जांभा दगड आहे, तांबडा आणि भोकाभोकांचा. तो स्पंजासारखा पाणी पिऊन घेतो आणि खालच्या घट्ट थरापाशी पोचल्यावर ते हळूहळू बाजूने सोडत राहतो. हिरण्यकेशीच्या महादेवाच्या देवळापाशी असंच पाणी गुहेतून बाहेर येतं आणि कुंडात साठतं. तिथून हिरण्यकेशी नदी सुरू होते.

आणि तिचा हट्ट बघा! अरबी समुद्र सरळ रेषेत पन्नास किलोमीटरसुद्धा लांब नाही. पण ही पाठ फिरवून पूर्वेला निघते. आजरा, गडहिंग्लज करत घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. सह्याद्रीचा कडा पश्चिमेला एकदम तुटलाय आणि पूर्वेला जमीन सावकाश उतरते. पाण्याने उतार धरला, एवढंच.

आता खरी गंमत. त्या कुंडाच्या तळाशी, दगडांच्या आडोशाला एक मासा राहतो. जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर पट्टे, तोंड खालच्या बाजूला आणि तोंडाशी मिशांच्या तीन जोड्या. तळाशी राहून खाणं शोधायचं, तर मिशा हव्यातच! लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे येत होते, पण हा मासा वेगळ्या जातीचा आहे हे विज्ञानाला कळलं ते २०२० साली. अभ्यासकांनी त्याला नदीचंच नाव दिलं, ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, राज्य सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. क्षेत्र केवळ २.११ हेक्टर. एका मोठ्या शेताएवढ्या जागेला एवढा मान मिळाला, तो या इवल्या माशामुळे. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. वाघासाठी जंगल राखतात हे आपण ऐकतो, इथे मिशीवाल्या माशासाठी झरा राखलाय.

पाऊस सुरू झाला की वर सड्यावर दुसरी लगबग चालते. कातळाच्या खळग्यांत बोटभर पाणी साचतं आणि तीन-चार सेंटिमीटरचा एक भेक तिथे ओरडू लागतो. याच्या अंगावर वाघासारखे पिवळे-काळे पट्टे. हा आंबोली भेक फक्त याच भागात सापडतो आणि त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत होते. मादी त्या खळग्यातच अंडी घालते. खळगा आटायच्या आत पिल्लांना पाय फुटायला हवेत. पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली, की सगळं संपलं.

मलबारी उडता बेडूक मात्र वेगळी युक्ती करतो. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर मादी अंगातून स्राव सोडते आणि मागच्या पायांनी घुसळून त्याचा पांढरा फेस करते. अंडी त्या फेसात. वरचा फेस वाळतो, आतला ओला राहतो. आठवड्याभराने पिल्लं खाली टपाटप पाण्यात पडतात. जवळच एखादा मलबारी चापडा साप निश्चल बसलेला असतो. त्याच्या डोळ्या-नाकपुडीच्या मधल्या खाचेला उष्णता कळते, म्हणून अंधारातही त्याला भक्ष्य सापडतं.

आंबोलीला जाल तेव्हा देवळापर्यंतची शेवटची वाट पायी चाला. कावळेसादलाही जा, तिथे दरीतला वारा एवढ्या जोराने वर येतो की धबधब्याचं पाणी उलटं उडतं. पायवाट सोडू नका, कारण गवतात चापडा असतो आणि कातळावरच्या डबक्यात अंडी. कुंडात पाय बुडवू नका, साबण लावू नका, निर्माल्य आणि नाणी टाकू नका. आणि पावसाळ्यात रात्री घाटमाथ्यावरून येताना बाबांना सांगा, गाडी अगदी हळू चालवा. त्या रस्त्यावर बेडूक आणि भेक ओलांडत असतात, आणि चाकाखाली जातात.